एआयचा मसुदा दुरुस्त करू नका, मोडून पुन्हा लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लेख, वाचकांची पत्रे, संस्थांचे अहवाल, स्मरणिकांतला मजकूर असे पुष्कळसे लेखन आता आधी एआयकडून काढून घेतले जाते आणि मग ‘जरा मराठीत बसवून द्या’ म्हणून संपादन करणाऱ्यांच्या हाती येते. त्याला हरकत घेण्यासाठी हे पत्र नाही. मसुदा कुठूनही आला तरी चालतो. घोटाळा होतो तो पुढे. बहुतेक जण हा मसुदा शब्द बदलून सुधारायला बसतात आणि त्या वाटेने तो कितीही घासला तरी कुणी माणसाने लिहिल्यासारखा होत नाही. का होत नाही आणि काय केले तर होतो, एवढेच इथे मांडतो. आपल्या वाचकांत लिहिणारेही बरेच असतात, त्यांच्या उपयोगी पडेल.

आधी कारण. चॅटजीपीटीसारख्या साधनामागचे एआय मॉडेल मजकूर जुळवताना पुढचा शब्द, खरे तर शब्दाचा तुकडा, कोणता येण्याची शक्यता जास्त आहे हे पाहत जाते. त्यामुळे एखाद्या विषयावर आजवर असंख्य लोकांनी जे लिहिले त्याची सरासरी सगळ्यात आधी बाहेर पडते. वर माणसांनी उत्तरांना पसंती-नापसंती देऊन त्याला वळण लावलेले असते: नम्र बोलावे, दोन्ही बाजू सांगाव्यात, कुणाला दुखवू नये. म्हणून मसुद्यात माहिती असली तरी मत नसते आणि मोठ्या-छोट्या सगळ्या मुद्द्यांना सारखीच जागा मिळते. मराठीत आणखी एक भर पडते. २०२० साली आलेल्या जीपीटी-३ या मॉडेलला ज्या मजकुरावर शिकवले, त्यात शब्दसंख्येने सुमारे ९३ टक्के इंग्रजी होते. नंतरची मॉडेले मराठी कितीतरी बरी लिहितात, पण अजूनही वाक्याचा सांगाडा इंग्रजीचा आणि त्यावरचे शब्द बरेचदा हिंदीचे असतात. वाचणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण दुसऱ्या परिच्छेदाला तो पान उलटतो.

काम सुरू होते मसुदा मागवण्याआधी. विषयावर स्वतःच्या हाताने दहा-बारा ओळींचे टिपण करावे: मला नेमके काय म्हणायचे आहे, मी काय पाहिले किंवा मोजले आहे, कोणाचे म्हणणे मला पटत नाही, वाचक कुठे अडेल. वाक्ये नीट असण्याची गरज नाही. हे टिपण नसेल तर पुढची कोणतीही युक्ती चालत नाही, कारण मसुद्यात नसलेली गोष्ट दुरुस्ती करताना हवेतून येणार नाही. अनेकदा असे टिपण झाल्यावर मसुद्याची गरजच उरत नाही, तो भाग वेगळा.

मसुदा आल्यावर पहिले वाचन भाषेसाठी करू नये. कागदावर छापून घ्या आणि पेन्सिलीने फक्त नावे, साले, आकडे, अवतरणे, कायद्यांची कलमे आणि ‘संशोधनातून दिसून आले आहे’ या जातीची विधाने अधोरेखित करा. यातले प्रत्येक विधान मुळाशी जाऊन पडताळायचे. अहवालाचे नाव असेल तर अहवाल उघडायचा, दुवा दिला असेल तर तो खरोखर उघडतो का आणि आत तेच लिहिले आहे का ते बघायचे. मसुद्यात संतांच्या नावावर एखादी ओळ आली असेल, तर अभंगाचा क्रमांक शोधून तो छापील गाथेत काढून पाहायचा. छंदात बसणारी, कानाला गोड लागणारी आणि त्या संताने कधीच न लिहिलेली ओळ हे मॉडेल सहज रचून देते. जे सापडले नाही ते काढून टाकायचे. ‘असे म्हटले जाते’ असा पदर पांघरून ते तसेच ठेवणे हा यातला सर्वांत वाईट मार्ग.

ही तपासणी त्याच मॉडेलकडून करून घेता येत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने पुरवलेले निवाडे दाखल केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. मौज अशी, की ‘हे निवाडे खरे आहेत ना?’ असे वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारले होते आणि उत्तर ‘हो’ असे आले होते. न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड केला. जिथून चूक आली तिथेच खातरजमा करायला गेले की असेच होते.

दुसरे वाचन रिकामे परिच्छेद पकडण्यासाठी. समासात प्रत्येक परिच्छेदासमोर एकच ओळ लिहायची: यातून वाचकाला नवे काय कळले? ‘विषय महत्त्वाचा आहे’ एवढीच ओळ निघाली, तर परिच्छेद रिकामा. ‘मागचेच’ अशी निघाली, तर तो मागच्यात मिळवायचा. पहिला आणि शेवटचा परिच्छेद जवळपास नेहमीच या दोहोंपैकी एका खात्यात जातो. पहिला ‘आजच्या वेगवान जगात’ म्हणत दार उघडतो आणि शेवटचा ‘थोडक्यात सांगायचे तर’ म्हणत तेच दार लावून घेतो. दोन्ही काढले तर काही बिघडते का ते बघा. हजार शब्दांचे चारशे उरले तर दचकू नये. खरा ऐवज तेवढाच होता.

आता मसुदा बंद करायचा. संगणकाचा पडदा मिटवा, कागद खणात टाका. स्वतःचे टिपण, पडताळून उरलेली माहिती आणि समासातल्या ओळी, एवढेच समोर ठेवून पुन्हा पहिल्यापासून लिहायचे. सगळ्या पत्राचा जोर या एका पायरीवर आहे. मसुदा शेजारी उघडा राहिला की डोळा त्याच्याच वाक्यावर जातो आणि हात तेच वाक्य थोडे फिरवून लिहितो. शब्द बदलतात, पण मुद्द्यांचा क्रम, परिच्छेदांची लांबी, कशावर किती वेळ थांबायचे हा हिशेब तसाच राहतो, आणि खरा परकेपणा तिथेच असतो. मॉडेलचा लाडका क्रम ठरलेला: व्याख्या, महत्त्व, फायदे, आव्हाने, उपाय, समारोप. विषय जाणणारा माणूस असा बोलत नाही. वाचक जिथे हमखास चुकतो तिथून तो सुरू करतो, व्याख्या वाटेत आली तर सांगतो, आणि ज्या मुद्द्यावर त्याच्याजवळ सांगण्यासारखे आहे तिथे दोन परिच्छेद रेंगाळून बाकीचे ओळीत उरकतो.

एक नमुना पाहा. छतावरचे पाणी साठवण्याबद्दल मसुदा काढला, तर साधारण असे येते: ‘आजच्या काळात जलसंवर्धन ही केवळ एक गरज नसून ती आपली सामूहिक जबाबदारी देखील आहे. पावसाच्या पाण्याची साठवण ही एक प्रभावी पद्धत आहे जी भूजल पातळी वाढवण्यात महत्त्वपूर्ण भूमिका बजावते.’ यात चूक काही नाही. हातीही काही लागत नाही. आता माहितगाराच्या टिपणावरून लिहिलेले: ‘१०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला, की हिशेबाने १,००० लिटर पाणी होते. काही गच्चीत जिरते, काही उडून जाते. पक्क्या गच्चीचे ८०० लिटर धरावेत. हंगामातल्या पहिल्या सरीचे पाणी मात्र टाकीत घ्यायचे नाही. गच्चीवर साचलेली धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा तेच पाणी घेऊन येते.’ पहिल्या उताऱ्यातले शब्द कितीही पालटले, ‘प्रभावी’च्या जागी ‘परिणामकारक’ घातले, तरी त्यातून दुसरा उतारा निघणार नाही. क्षेत्रफळ, गुणाकार आणि पहिली सर सोडून देण्याची सूचना बाहेरून यावी लागली. मौलिक लेखन म्हणतात ते बहुतेक वेळा असे साधेच असते.

पुन्हा लिहिल्यानंतरही मसुद्याची काही वळणे हाताला चिकटून राहतात. ती वाक्यरचनेत शोधावी लागतात. सर्वांत जास्त सापडते ते मागून लोंबणारे ‘जी’ आणि ‘जे’: ‘अशी पद्धत आहे जी पाणी वाचवते.’ मराठीला ‘पाणी वाचवणारी पद्धत’ पुरते, किंवा ‘जो–तो’ची जोडी पुढे घ्यावी लागते. दुसरे म्हणजे ‘द्वारे’ आणि ‘करण्यात आले’. ‘समितीद्वारे निर्णय घेण्यात आला’ हे ‘समितीने निर्णय घेतला’ असे सरळ होते, शिवाय कोणी केले हे लपत नाही. तिसरे, निर्जीव वस्तूला कर्ता करून तिच्याकडून कामे करून घेणे: ‘ही योजना मदत प्रदान करते’, ‘हे पुस्तक विचार करण्यास प्रवृत्त करते’. आपण म्हणतो, योजनेतून मदत मिळते, पुस्तक वाचताना विचार करावासा वाटतो. मिळणे, वाटणे, लागणे, जमणे, सुचणे, परवडणे या क्रियापदांवर मराठी चालते आणि मसुद्यात नेमकी हीच दुर्मीळ असतात. तसेच ‘तुम्ही अर्ज ऑनलाइन करू शकता’ यापेक्षा ‘अर्ज ऑनलाइनही करता येतो’ हे बोलण्याच्या जवळचे. ‘हे एक उत्तम साधन आहे’ मधला ‘एक’ तर निमूट खोडावा. ‘केवळ हेच नाही तर तेही’ ही जोडरचना पूर्ण लेखात एकदा आली तरी पुष्कळ झाली. तीन-तीन विशेषणांच्या रांगाही अशाच. त्यातले तिसरे बहुधा तोल सांभाळायला आलेले असते.

सर्वनामांकडे वेगळे लक्ष द्यावे. मराठीत क्रियापदाच्या रूपावरून कर्ता कळत असेल तर तो गाळता येतो. मसुदा मात्र प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी ‘ते’, ‘त्यांनी’, ‘हे’ लावतो. व्यक्तीविषयीच्या मजकुरात आदरार्थी बहुवचन मधेच सुटते, ‘ते म्हणाले’ नंतर दोन परिच्छेदांनी ‘त्याने सुरू केले’ येते. वाचकाला उद्देशून लिहिलेल्या मजकुरात ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ आलटून पालटून येतात. उसन्या शब्दांचे लिंगही एकाच पानावर बदलते, फाइल कधी उघडली तर कधी उघडले. ही दुरुस्ती संगणकाच्या शोध-आणि-बदल (फाइंड-रिप्लेस) सोयीने सरसकट करू नये. सर्वनामाबरोबर विशेषण, क्रियापद सगळेच बदलावे लागते आणि एखादे हमखास मागे राहते.

उलट्या बाजूची चूकही सांगायला हवी. ‘आता हेच जिवंत, बोलीभाषेत करून दे’ असे मॉडेलला सांगितले, की ते ‘मित्रांनो’ म्हणत गळ्यात हात टाकते, दर परिच्छेदाला एक म्हण लावते आणि वाक्याच्या शेवटी ‘बरं का!’ जोडते. सांगाडा जागचा हलत नाही. ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘म्हणे’ या लहानशा शब्दांनी मराठी वाक्याला रोख येतो हे खरे; पण कशावर जोर द्यायचा हे लिहिणाऱ्याला ठाऊक असेल तेव्हाच ते जागेवर पडतात. मजकूर ‘मानवी’ करून देणारी जी साधने बाजारात आहेत, ती याहून घातक. ती समानार्थी शब्द फिरवतात. त्या फेरफारात शास्त्रातली ठरलेली संज्ञा बदलते, अवतरणचिन्हांतले दुसऱ्याचे शब्द बदलतात, आणि मजकूर आतून इंग्रजीत नेऊन परत आणला असेल तर विशेषनामेही ओळखू येत नाहीत. अशा साधनातून निघालेला मजकूर दुरुस्त करायला मूळ मसुद्यापेक्षा जास्त वेळ जातो.

मॉडेलचा चांगला उपयोग पुनर्लेखनानंतर होतो, वाचक म्हणून. स्वतः लिहिलेला मजकूर देऊन विचारावे: कोणते वाक्य दोन अर्थांनी वाचता येते? कोणत्या दोन परिच्छेदांत तेच सांगितले आहे? या मताविरुद्ध कोणता आक्षेप येईल? उत्तर वाचावे, पटले तर दुरुस्ती स्वतःच्या शब्दांत करावी. सोबत ‘सुधारित आवृत्ती’ आलीच, तर ती न वाचलेली बरी.

मग मोठ्याने वाचणे. यंत्राच्या गद्यात वाक्ये एकसारख्या लांबीची असतात आणि एकामागून एक ‘आहे’वर टेकतात, डोळ्याला ते दिसत नाही, कानाला लगेच कळते. श्वास जिथे तुटतो तिथे वाक्य तोडावे. तीन वाक्ये ओळीने एकाच चालीवर आली तर मधले लहान करावे किंवा दोन जोडावीत. दुसऱ्या कुणाला वाचायला लावले तर उत्तमच, कारण लिहिणारा स्वतःच्या चुका दुरुस्त करून वाचतो.

शुद्धलेखन सर्वांत शेवटी. ते आधी केले तर पुढे खोडल्या जाणाऱ्या वाक्यांवर वेळ जातो. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, असे एकूण १८ नियम आहेत. मसुद्यात ते काही शब्दांत पाळलेले असतात आणि काहींत नाही. नेहमीची गफलत सामान्यरूपात होते. ‘फूल’चे ‘फुलाला’, ‘दूध’चे ‘दुधात’, ‘गरीब’चे ‘गरिबाला’ व्हायला हवे, तिथे ‘फूलाला’, ‘दूधात’ दिसते. उलट ‘शरीर’ तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, असल्याने ‘शरीराला’ असेच राहते, ते ऱ्हस्व करणारेही भेटतात. ‘महत्त्व’मधला एक त कायम हरवलेला असतो.

काही दोष अक्षरांच्या संगणकीय साठवणीतले असतात. मजकूर इथून तिथे चिकटवताना ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र जाऊन ‘दुसर्या’, ‘वार्यावर’, ‘तर्हा’ होते. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही: दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरात असतात. म्हणून ‘र्य’ आणि ‘र्ह’ ही दोन जोडाक्षरे फाइलमध्ये स्वतंत्रपणे शोधून एकेक तपासावीत. सरसकट बदलली तर ‘सूर्य’ आणि ‘कार्य’ बिघडतील. हिंदीतून आलेला ज किंवा फ खालचा नुक्ता, पूर्णविरामाच्या जागी आलेला उभा दंड, शीर्षकांभोवती राहिलेल्या तारका, प्रत्येक मुद्द्याला ठळक ठसा, या खुणाही त्याच फेरीत काढता येतात. लांब आडव्या रेघा मसुद्यात मुबलक येतात. बहुतेक ठिकाणी स्वल्पविरामाने भागते.

या सगळ्याला हजार शब्दांमागे दोन-तीन तास जातात. बैठकीची सूचना, वस्तूंची यादी, ठरावीक नमुन्यातला अर्ज यांसाठी एवढे करण्याची गरज नाही. तिथे तारीख, वेळ आणि नावे पडताळली की झाले. स्वतःच्या नावाने मत किंवा माहिती छापायची असेल, तर मात्र यातली कोणतीही पायरी गाळून चालत नाही.

शेवटी आपल्याला एक विनंती. एआयने लिहिलेला मजकूर ओळखून देणाऱ्या साधनांवर विसंबून कुणाचे पत्र परत करू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असे साधन स्वतःच आणले होते. एआयने लिहिलेल्या इंग्रजी मजकुरांपैकी २६ टक्केच त्याला नीट ओळखता आले आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरांवर त्याने एआयचा शिक्का मारला, हे कंपनीनेच जाहीर केले होते. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत ते बंद झाले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्येच सात साधने तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांच्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध एआयचे ठरले. यातली बरीच साधने पुढच्या शब्दाचा अंदाज किती सहज करता येतो हे मोजतात. त्यामुळे साधे, जपून, ठरावीक साच्यात लिहिणारा माणूस त्यांत पहिला सापडतो आणि आपल्याकडच्या पत्रलेखनात असे साचे भरपूर आहेत.

त्याऐवजी लेखाबरोबर त्यातल्या प्रत्येक आकड्याचा आणि अवतरणाचा उगम वेगळ्या कागदावर मागावा. तो छापायचा नाही, फक्त आपल्याकडे ठेवायचा. शंका आली तर लेखकाला फोन करून लेखातलाच एखादा तपशील विचारावा, उदाहरणार्थ ८०० लिटर का धरले, १,००० का नाही. ज्याने टिपणावरून लिहिले आहे त्याला उत्तर देताना लेख उघडून बघावा लागत नाही.

कळावे.

आपले,
संपादन व मुद्रितशोधनाचे काम करणारे काही वाचक